खंडेनवमीला काढलेलं मडगार्ड

मोटारीचं इंजिन बंद पडलं की माणसं हळहळतात. मडगार्ड चेपलं की हसतात. चाळीस वर्षं मी हे बघत आलो आहे. इंजिनवाल्या मिस्त्रीला खुर्ची आणि चहा, आणि मडगार्डवाल्याला नुसतं ‘अरे, तेवढा पत्रा सरळ कर रे’. म्हणून धंद्यातल्या आठवणी लिहायच्याच असतील तर त्या एखाद्या इंजिनवाल्याकडून लिहून घ्या, असं मी संपादकांना कळवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. आता वाचकांनी भोगावं.

मी सोलापूरचा, शुक्रवार पेठेतला. घरी तेलुगू, गल्लीत मराठी आणि कामावर उस्तादांची दख्खनी, अशा तीन भाषांत मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. आमच्याकडे बाप, काका, भाऊ सगळे मागावर. मला मागाच्या खटखटीपेक्षा पत्र्यावरचा हातोडा गोड वाटला आणि मी कासिमउस्तादांच्या मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात शिरलो. वडील सहा महिने बोलले नाहीत. माणसानं कापड विणावं, लोखंड कसलं ठोकतोस, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्याच मागाचा एक खिळा मी बसवून दिला तेव्हा बोलायला लागले.

ही गोष्ट एकोणीसशे तीसच्या पुढच्या दोन-चार वर्षांतली. गावात मोटारी थोड्याच होत्या. गिरणीतल्या साहेबांच्या, काही डॉक्टरांच्या, काही बागाईतदारांच्या, आणि आजूबाजूच्या गावांना जाणाऱ्या सर्व्हिस मोटारी. आजच्या गाडीचं मडगार्ड कुठून सुरू होतं आणि कुठं संपतं ते दाखवावं लागतं. तेव्हाचं तसं नव्हतं. पुढच्या चाकावरून ऐटीत वळून खाली यायचं आणि दाराखालच्या लाकडी पायरीला टेकायचं. चांगलं रुंद, भक्कम. लग्नसराईत एकेका मडगार्डावर तीन-तीन वऱ्हाडी बसत. गाडी विहिरीजवळ उभी केली तर शेळ्या चढत. एका मामलेदाराच्या कारकुनाला तर गाडीच्या आत बसवलं की मळमळायचं, म्हणून तो डाव्या मडगार्डावर बसूनच तालुका फिरला. त्याच्या बैठकीचा खळगा मी दोनदा काढला.

सगळ्यांत आठवतो तो करकंबचा एक बागाईतदार. उसाच्या पैशातून नवी कोरी गाडी घेतली आणि चौथ्या दिवशी आमच्या दारात आणून उभी केली. पुढच्या मडगार्डाला मधोमध वाटीएवढा खड्डा.

“कुठे ठोके?” उस्तादांनी विचारलं.

“ठोकली न्हाय वो. पूजा केली.”

“पूजा में गड्ढा कैसा पडा?”

“नारळ फोडला की हितं.”

“नारळ पत्थर पे फोडते ना, पाटील?”

“दगडावर फोडला तर दगडाची पूजा हुती. गाडी माजी, नारळ दगडाला कशापायी देऊ?”

उस्ताद गंभीर चेहऱ्यानं खड्ड्यावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, “कित्ते में फूटा?”

“तिसऱ्या ठोक्याला.”

“अच्छा नारळ था,” असं म्हणून उस्ताद पाण्याच्या टाकीमागे गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. तिथून खोकल्याचा आवाज येत होता.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पुढचं मडगार्ड तीन ठिकाणी धरलेलं असे. मागे पायरीला बोल्ट, आतल्या किनारीला बारीक स्क्रूंची रांग, आणि मधे गाडीच्या सांगाड्यातून आलेला एक लोखंडी हात, त्यावर दोन नट. काही गाड्यांचा दिवाही मडगार्डावरच असे, त्याची वायर आतून गेलेली. काढायचा क्रम उस्तादांनी माझ्या डोक्यात हातोड्यानं ठोकावा तसा ठोकला होता. “पैले दिवा, फिर पायरी, फिर किनार. हाथ सबसे आखिर.” कारण हात आधी सोडला तर मडगार्डाचं सगळं वजन किनारीवर येतं आणि पत्रा फाटतो. खरी पीडा पायरीच्या बोल्टांची. पाणी, चिखल सगळं तिथं साचतं, नट गंजतो, आणि पाना लावला की नटाबरोबर बोल्टही गरागरा फिरतो. अशा वेळी नट छिन्नीनं तोडावा लागतो. तोडताना पलीकडून काहीतरी जड लोखंड टेकवून धरायचं. म्हणजे घाव तिथंच मरतो, गाडीच्या अंगात जात नाही. शिकाऊ माणूस हे विसरतो आणि एका नटापायी दहा सांधे ढिले करतो.

इतकं कळत होतं म्हणून मी स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. बावीस-तेवीस वर्षांचा होतो, तेव्हा ते क्षम्य धरावं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला कारखाना बंद होता. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजेला बसतात. धुऊन, पुसून, तेल लावून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं घालायची. मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. उस्ताद मुसलमान, पण हा नेम त्यांच्याइतका कडक कुणी पाळत नसे. एकदा त्या दिवशी मी सवयीनं पाना उचलला तर त्यांनी माझा हात धरला. “सालभर उन्ने तेरे कू पालता. एक दिन उसकू सोने दे.” सर्व्हिस मोटारीसुद्धा त्या दिवशी धुऊन, ऊस बांधून, हार घालून उभ्या असत.

मला सुट्टी होती. वळसंगला माझी अक्का दिली होती, तिच्याकडे दसऱ्याला जावं म्हणून मी सकाळी सायकलीवर निघालो. मोकळ्या हातानं. खिशात अक्काच्या पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या, हत्यार म्हणाल तर नखं.

सात-आठ मैल गेलो असेन. एका वस्तीपाशी रस्त्याला वळण होतं, तिथं गर्दी दिसली. मधे आमच्या डॉक्टरीणबाईंची उघडी गाडी. गावात स्वतः मोटार हाकणारी बाई ही एकच. लोक आधी हसले, मग बायका अडल्या तेव्हा त्याच गाडीची वाट बघत दारात उभे राहिले. वळणावर एका धनगराच्या शेळ्या आडव्या आल्या, बाईंनी गाडी डावीकडे घेतली आणि ती मैलाच्या दगडावर गेली. डाव्या मडगार्डाचं तोंड मागे दुमडून चाकावर बसलं होतं. आतला लोखंडी हात वाकला होता, आणि पत्र्याची धार टायरमध्ये रुतली होती. चाक फिरणं शक्य नव्हतं.

मागच्या बाकावर गोधडीवर एक बाई निजवलेली. तिचं नाव शांतव्वा, वळसंगचीच. उशाला तिची सासू, आणि पायरीवर घामानं भिजलेला नवरा.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. “तू कासिमउस्तादांकडचा नरसू ना? देवासारखा आलास. ऐक. मूल आडवं आहे. दोन तासांत हिला दवाखान्यात टेबलावर घेतलं नाही तर दोघंही हाती लागणार नाहीत. बैलगाडीत घालता येत नाही, धक्के सोसायचे नाहीत तिला. हे चाक मला मोकळं करून दे.”

“बाई, गाडीतले पाने?”

त्यांनी पायरीवरची हत्यारांची पेटी पायानंच उघडून दाखवली. आत एक झेंडूचं फूल होतं आणि दोन बोटं कुंकू. त्यांचे कंपाउंडर गणपतराव भाविक माणूस. सकाळीच त्यांनी गाडीचे पाने, जॅक, हातोडा सगळं काढून दवाखान्याच्या मागच्या खोलीत पूजेला मांडलं होतं, आणि रिकामी पेटी बरी दिसत नाही म्हणून तिचीही पूजा केली होती. बाईंना निघायची घाई, त्यांनी पेटी बघितली नाही. हसावं की रडावं ते कळेना.

जमलेल्या माणसांना वाटलं, एवढा पत्रा, दहाजणांनी ओढला की झालं. त्यांनी हात घातलेही. पत्रा वीतभर उचलला आणि सोडताच परत टायरवर बसला, आधीपेक्षा खोल. मी ओरडलो, “ओढू नका! टायर फाटंल!” टायर फाटला असता तर तो बदलायला जॅकही नव्हता.

रस्त्यालगतच लोहाराचं खोपट होतं. जाता-येता ओळखीचा झालेला मानाप्पा लोहार, पन्नाशीचा, दणकट. तो दारातच उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या मागे अंधारात ऐरण, घण, सांडशी, छिन्न्या, सगळं शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडलेलं. वर नवरात्रातल्या तळलेल्या कडाकण्यांची माळ टांगलेली.

“मानाप्पाकाका, छिन्नी-हातोडा द्या,” मी म्हटलं.

“आज हत्यारं बसल्यात की रे.”

“अडलेली बाई हाय गाडीत.”

“दिसतंय मला. डोळं हायत.” त्याचा आवाज उंचावला नाही. “पर आज न्हाय उचलणार. दुसरं काय बी माग. मी गाडी खांद्यावर घेतो, चल. हत्यार न्हाय.”

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना आजही मान खाली जाते. मी त्याला ढकलून आत जाऊ शकलो असतो. निदान भांडू शकलो असतो. मी काही केलं नाही. कारण मलाही तेच वाटत होतं. लहानपणापासून अंगात मुरलेली भीती ती, उस्तादांनी धरलेला हात मनगटावर जाणवत होता. आम्ही दोन दणकट कारागीर, चार पावलांवर हत्यारं, आणि आम्ही हात बांधून उभे. गाडीतून शांतव्वाचं कण्हणं ऐकू येत होतं.

डॉक्टरीणबाई स्वतः चालत आल्या. मला वाटलं, आता रागावणार. त्या रागावल्या नाहीत. चपला काढून दाराशी उभ्या राहिल्या, आतल्या पूजेला त्यांनी हात जोडले आणि मग मानाप्पाकडे वळल्या.

“लोहारबुवा, आज सकाळी माझीही हत्यारं बसली होती. कात्री, चिमटे, सुया, सगळं पाटावर, फुलं वाहून. हिचा नवरा दारात येऊन उभा राहिला. मी ती पाटावरनं उचलली, कुंकू धुतलं, पाण्यात उकळली आणि निघाले. त्यात काही चुकलं असेल तर ते देवीनं माझ्या पदरात घालावं. तुमच्या हत्यारांचंही माझ्याच पदरात घालावं. मी इथं सगळ्यांसमोर सांगते.”

मानाप्पानं एकदा मागे ऐरणीकडे बघितलं. मग म्हणाला, “तुमच्या पदरात कशाला, बाई. तुमच्या पदरात लई हाय आदीच.”

तो आत गेला. ऐरणीपुढे गुडघे टेकले. काय पुटपुटला ते कळलं नाही, कानडीत होतं. मग एकेका हत्याराला कपाळ लावून त्यानं छिन्नी, हातोडा, घण आणि सांडशी उचलली. ती छातीशी धरून तो पाऊल मोजत बाहेर आला.

पण एकदा गाडीपाशी आल्यावर तो दुसराच माणूस झाला. “कुटं मारायचं तेवढं सांग,” मला म्हणाला. “मोटारीतलं मला कळत न्हाय. लोखंडातलं कळतंय.”

शांतव्वाला खाली उतरवायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणजे तिच्यासकट काम करायचं होतं. आधी आठ माणसांनी गाडीचा पुढचा सांगाडा दोन्हीकडून धरून हळूच उचलला. चाक जमिनीवरच राहिलं, स्प्रिंगा उघडल्या आणि पत्रा टायरपासून दोन बोटं वर आला. तेवढ्यात धनगरानं स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं घडी करून त्या फटीत कोंबलं. “माज्या शेळ्यांनी केलंय हे,” तो सारखं म्हणत होता. त्याची बायको वाटीत करडईचं तेल घेऊन आली. ते आम्ही नटांवर सोडलं.

पायरीचे दोन बोल्ट सांडशीनं निघाले. तिसरा फिरायला लागला. तो तोडायचाच होता. मी घण घेऊन गाडीखाली उताणा शिरलो आणि नटाच्या पलीकडून तो छातीशी टेकवून धरला.

“काका, घाव असा घाला की गाडीला कळता कामा नये.”

“गाडीला न्हवं,” वरून मानाप्पा म्हणाला, “पोरीला.”

त्यानं पहिला घाव घातला. माझ्या छातीत तो उतरला, पण गाडी हलली नाही. मी ओरडून विचारलं, “काही होतंय का वर?”

सासू काही बोलायच्या आत शांतव्वाचाच आवाज आला, बारीक पण ठाम. “मारा की वो. मला काय हुत न्हाय. बिगीनं मारा.”

नट तिसऱ्या घावाला तुटला. आतल्या किनारीचे स्क्रू धडकेनं निम्मे उपटलेच होते, उरलेले छिन्नीच्या टोकानं कापले. राहिला हात. तो वाकल्यामुळे त्याच्या एका नटापर्यंत छिन्नी सरळ पोचेना. मानाप्पानं डाव्या हातात हातोडा घेतला, गुडघ्यावर बसला, गाल चाकाला टेकवला आणि न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजानं दोन्ही नट तोडले. मी चाळीस वर्षं या धंद्यात काढली. असं काम मला जमलं नाही आणि दुसऱ्या कुणाचं बघायलाही मिळालं नाही.

“उचला! ओढू नका, वर उचला!” मी ओरडलो. चौघांनी मडगार्ड घोंगड्यासकट वर घेतलं आणि त्याच क्षणी तट् असा आवाज झाला. दिव्याची वायर. पहिलं काम ते, आणि मी तेच विसरलो होतो. भरदुपार होती म्हणून निभावलं.

टायरला लांब ओरखडा होता, पण हवा धरून होता. बाईंनी गाडी सुरू केली. मोकळं चाक पहिल्याच डबक्यातून गेलं तसा काळ्या मातीचा चिखल उडाला आणि त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर, चष्म्यावर, सगळीकडे बसला. त्यांनी एका हातानं चष्मा पुसला आणि गाडी तशीच पुढे नेली. मडगार्ड कशासाठी असतं ते वस्तीला त्या दिवशी कळलं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर माणसं पांगली. मानाप्पानं हत्यारं धुतली, परत जागेवर मांडली, पुन्हा कुंकू वाहिलं. मी निघताना त्याला हाक मारली तर त्यानं मागे वळून बघितलं नाही.

उस्ताद यावर काय म्हणाले ते इथंच सांगून टाकतो. चार दिवसांनी मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाले, “दिवा पैले निकालना. कित्ते बार बोला तेरे कू?”

वळसंगला माझ्या आधी बातमी पोचली होती. पण बातमी अर्धीच. मडगार्ड काढलं इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक, पुढचं कुणालाच नाही. शांतव्वाच्या घरी दसऱ्याला कुणी सोनं वाटलं नाही. अक्कानं पुरणपोळी वाढली, ती मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच परत निघालो.

वस्तीपाशी आलो तर मानाप्पा रस्त्यात उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, आणि शेजारी ते मडगार्ड. त्यानं ते भात्यावर तापवून बरंचसं सरळ केलं होतं.

“काका, मी माणूस पाठवणार होतो की न्यायला.”

“मीच येतो.”

सायकलीवर ते आडवं ठेवलं. एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं त्यानं. असे आम्ही सात-आठ मैल चाललो. वाटेत लोक विचारत, हे काय आहे म्हणून. मी दोघातिघांना उत्तर दिलं, मग कंटाळलो. मानाप्पा खाली बघून चालत होता. मी त्याला धीर द्यायला काहीबाही बोलत राहिलो, पण मलाच धीर नव्हता.

शहरात शिरल्यावर मी कारखान्याकडे वळायला लागलो, तर तो थांबला.

“आदी दवाखाना.”

दवाखान्याच्या व्हरांड्यात शांतव्वाचा नवरा बसला होता. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. मी सायकल तशीच सोडली, मडगार्ड फरशीवर आदळलं. आई सुखरूप होती आणि मुलगी झाली होती. मी त्या माणसाला मिठी मारली, आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत होतो. मानाप्पा मात्र पायरीखालीच उभा. धड आत येईना, धड जाईना.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “या ना लोहारबुवा, वर या. तुमच्यामुळे वाचल्या दोघी.”

“बाई,” तो म्हणाला, “पोरीचं हात दावता का?”

“हात?”

मग तो बोलायला लागला. मान खाली घालून, जमिनीकडे बघत. गोष्ट जुनी होती. तेव्हा त्याचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, घरवाली गरोदर होती. खंडेनवमीला एका मोठ्या माणसानं बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव बसवून दे म्हणून हट्ट धरला. यानं भीडेखातर हत्यार उचललं. महिनाभरानं पोर झाली, तिच्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटलेली. चार महिन्यांत ती तापानं गेली. पुढे मूल झालं नाही. घरवाली त्याला कधी काही बोलली नाही, आणि न बोलता ती पण गेली.

“सतरा वर्सं झाली,” तो म्हणाला. “तवापासनं त्या दिवशी मी हत्याराकडं बगत बी न्हवतो. परवा उचललं. आता ह्या पोरीचं हात बगितल्याबिगर मला घरला जाता येनार न्हाय.”

तेव्हा मला कळलं की तो खोपटाच्या दारात कशाशी झुंजत होता. मी त्याला हट्टी म्हातारा समजलो होतो.

बाई आत गेल्या आणि कापडात गुंडाळलेली मुलगी घेऊन आल्या. व्हरांड्याच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसल्या आणि कापड उलगडलं. “मोजा,” म्हणाल्या.

मानाप्पानं आपले काळे, भाजलेले हात धोतराला पुसले. एका बोटानं त्या मुलीची मूठ हलकेच उघडली आणि मोजायला लागला, कानडीत. “ओंदु, एरडु, मूरु…” एकेक बोट वेगळं करून. दुसऱ्या हाताला आला तसा तो आणखी सावकाश मोजू लागला. “हत्तु,” म्हणजे दहा म्हणून तो थांबला.

“लोहारबुवा,” बाई म्हणाल्या, “बोटं जुळलेली मुलं मी पाहिली आहेत. एकाचा बाप शाळामास्तर होता. एकाचा वाणी. त्यांनी कुणी कधी हातोडा उचलला नव्हता. मूल पोटात घडतानाच ते तसं होतं. तुम्ही धाव बसवलीत तेव्हा महिन्यावर बाळंतपण होतं. बोटं त्याच्या कितीतरी आधी घडून झालेली असतात.”

“म्हंजी माजी गौरी,” तो म्हणाला, “माज्या हातानं न्हाय गेली?”

“नाही.”

त्यानं ते ऐकलं. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मुलीची मूठ परत मिटली होती आणि त्याचं बोट तिच्यात अडकलं होतं, ते त्यानं काढलं नाही.

“माज्या हातानं न्हाय?”

“नाही, बाबा.”

आत पेशंट खोळंबले होते, गणपतराव दारात येऊन दोनदा खाकरून गेले. बाई उठल्या नाहीत. मानाप्पानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि बाईंनी तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे ‘नाही’ म्हणून सांगितलं.